मास्तरांच्या नावावरची मुदत

मास्तर जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या सकाळी त्यांच्या ईमेलच्या पत्त्यावरून उत्तर आलं.

परंतूने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. ‘परंतु’ हे त्याचं नाव मास्तरांनीच पाडलेलं. कुठल्याही वाक्याला तो ‘परंतु’ जोडल्याशिवाय राहत नसे. दोघं मिळून लिनक्सच्या एका फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीसाठी अवजारं सांभाळत. मोठ्या संगणकावर बसून छोट्या, अशक्त यंत्रांसाठी प्रोग्राम बांधून देणारी अवजारं. स्वयंपाक एका घरी, जेवण दुसऱ्या घरी, असं मास्तर म्हणायचे. या अवजारांचा सामाईक कोड त्यांनीच लिहिलेला, आणि तीनशे पॅकेजं, म्हणजे वाटायला तयार प्रोग्रामांचे गठ्ठे, त्यावर उभी.

त्यातल्या वीस ओळींत खोट निघाली होती. त्या ओळी नुकताच बांधलेला प्रोग्राम इथल्याच संगणकावर चालवून बघत. तो परक्या यंत्रासाठी असल्यामुळे चालत नसे. आजवर हे खपून गेलं. कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या नव्या कंपायलरने खपवून घेतलं नाही. दुरुस्ती झाली नाही तर ठरल्या दिवशी अवजारं प्रणालीबाहेर, असा नियम. तशी सूचना मास्तरांच्या पत्त्यावर जात होती, आणि आज तो दिवस होता. दुरुस्ती परंतूने कधीच लिहून ठेवली होती, पण पाठवायला हात धजावत नव्हता. मास्तरांच्या ओळी खोडणारे आपण कोण?

उत्तरात लिहिलं होतं : ‘यांचं निधन झालं आहे. कृपया थोडी मुदत द्यावी.’ खाली नवी तारीख पडली होती, चौदा दिवस पुढची.

लॅपटॉप पिशवीत घालून तो मास्तरांच्या घरी गेला.

“या भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “वाट चुकलात वाटतं?”

“वहिनी, ते उत्तर...”

“मीच लिहिलं. चुकलं का काही? रोज सकाळी यांच्या नावावर येतंय. ‘तुमचं काम मोडलं आहे, दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू.’ जन्मभर या माणसाने कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि आता रोज तंबी! शेवटी हात जोडले. तर लगेच चौदा दिवस दिले. भला माणूस दिसतो.”

“माणूस नाही तो. यंत्र आहे. कुणीही काहीही लिहिलं तरी तारीख पुढे ढकलतं.”

“यंत्राने तरी ऐकलं.” त्या खुर्चीत बसल्या. “दुरुस्तीला किती दिवस लागतील?”

“तयार आहे.”

“कधीपासून?”

“तीन महिने झाले.”

“तीन महिने! आणि मी इथे यंत्राच्या पाया पडतेय?”

“मास्तरांचं लिखाण, वहिनी. त्यांचं नाव काढून आपलं घालायचं म्हणजे...”

“मान राखताय होय!” वहिनी तीस वर्षं नर्स होत्या; आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. “वॉर्डात पाळी बदलली की फळ्यावरचं नाव बदलतात, भावोजी. नाहीतर रोगी तळमळतो, आणि घरी गेलेल्या बाईला बोल लागतो.”

इतके दिवस परंतूला हा आदर वाटत होता. पण पुढे मेलेल्या माणसाचं नाव असलं की मागच्या जिवंत माणसाकडे कुणी बोट दाखवत नाही, हेही त्याला आतून ठाऊक होतं.

त्याने लॅपटॉप उघडला. वीस ओळी खोडल्या, आपल्या अकरा घातल्या. मग ‘सांभाळणारा’ या शब्दापुढचं नाव एकेक अक्षर मागे घेत पुसलं.

“म्हणजे आता यांचं काहीच नाही राहिलं?”

“कुणी काय लिहिलं याच्या जुन्या नोंदी राहतात. त्या कुणीच खोडत नाही.”

मोकळ्या जागी त्याने स्वतःचं नाव लिहिलं. वहिनींनी वाकून वाचलं.

“हे नाव होय तुमचं? इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुरुस्तीने दोन पॅकेजं मोडल्याची तंबी आली, त्याच्याच नावाने. तो ती दुरुस्त करत असतानाच फोन वाजला.

“भावोजी, आज यांना काहीच आलं नाही.”

“आता नाही यायचं, वहिनी.”

“हं.”

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यानेही नाही.