परातीवरची तारीख

पेणकरपाड्यातल्या सोसायटीच्या महिला मंडळानं जुन्या भांड्यांवर घातलेल्या नावांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सुचेताबाईंच्या पोटात दुखायला लागलं. तळमजल्यावरच्या नीलमनं आजेसासूचं तांब्याचं घंगाळ आणलं होतं, त्यावर साल १९३१. बायका नवी नवरी बघायला जमाव्यात तशा त्याच्याभोवती जमल्या होत्या.

"केबिन रोडवरच्या भांडीवाल्याकडून पॉलिश मारून आणलंय, दुसरं काय!" घरी येऊन सुचेताबाई फणकारल्या आणि माळ्यावरची सासूबाईंची पितळी परात काढून चिंचेनं घासायला बसल्या. परात काळीठिक्कर पडली होती, पण तिच्यावर आपलं नाव आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या नावाचा तोराच होता त्यांना. माहेरची गोदावरी; रत्नागिरीला सगळे गोदी म्हणायचे. लग्नात सुभाषरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुचेता' लिहिलं. "ह्यांनी माझ्यासाठी शोधून काढलं हो!" असं त्या अजून सांगत सुटायच्या.

अक्षरं उजळली. सौ. सुचेता सुभाष शिर्के. ता. ४-५-१९८६.

लग्न झालं होतं अठ्ठ्याऐंशी साली.

"अहो, ही सुचेता कोण?"

"कोण म्हणजे? तूच." सुभाषरावांनी तारीख बघितली आणि उगाच चष्मा पुसायला घेतला. "आधी एक ठरलेलं. मोडलं ते. पण आईनं नव्या सुनेची सहा भांडी घेऊन नाव घालून ठेवलं होतं. म्हणाली, मोडीत कशाला काढायची?"

म्हणजे भांडी वाया जाऊ नयेत म्हणून हे नाव ठेवलं होतं! सुचेताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीसाठी काढलेलं नाव त्या जन्मभर मिरवत आल्या होत्या.

"दिसायला बरी होती?"

"होती. मिनल नाव तिचं."

"मग मोडलं कशानं?"

"ती म्हणाली, मी मिनलच राहणार, नाव बदलायचं नाही. आई भडकली."

घंगाळाचा हेवा, रूपाचा हेवा, सगळं किरकोळ होतं. हा मात्र खोल जाऊन रुतला. ती बाई जिथं असेल तिथं आजही मिनलच असेल.

"मला का नाही विचारलंत?"

"विचारलं की! आई म्हणाली, 'सुचेता चालेल ना गं?' तू मान हलवलीस."

सुचेताबाईंना आठवलं. चांगली दोनदा हलवली होती.