भिंतीतली सातेरी

भिंत हुंकार देत होती. कुशाबाईच्या मागच्या खोलीत अर्धं रावेत गाव दाटलं होतं, पण बोलत होता एकटा भैरू भगत.

"आई, सुनेला धरलंयस ती तूच ना?" त्यानं काठी भिंतीवर ठक्कन हाणली.

हूंऽऽऽ, आतून आलं. बायांनी पदर तोंडाशी धरले. भिंतीला हात लावावा तर ती ताप आलेल्या अंगासारखी ऊन.

देवीचं नाव सुनेच्याच तोंडून निघालं होतं. यशोदा महाबळेश्वराकडची. भिंत पहिल्यांदा घुमली तेव्हा ती सहज म्हणाली, "सातेरी हाय ती." पिंपरीच्या नव्या कारखान्यावर कामाला आलेल्या कोकण्यांनी लगेच हात जोडले, त्यांच्याकडं सातेरी म्हणजे देवी. भगतानं ते उचललं, आईनं सुनेला धरलंय असं ठरवून टाकलं. यशोदाला पुढं कुणी बोलूच दिलं नाही.

"हिला हितं कोंडा. मिरचीची धुरी द्या. आई सोडून जाईल."

"पोटुशी हाय ती," कुशाबाई म्हणाली. "पोटातल्याचं काय?"

"ते आईचं."

कुशाबाईचा लेक बन्सी खाली मान घालून दारात गोवऱ्या रचत होता. बायकोकडं एकदाही बघत नव्हता. ते पाहून कुशाबाई सुनेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझ्या घरात कोंडायचं का न्हाई ते मी ठरवीन. पोरी, तुझी सातेरी म्हंजी कोण?"

"मधमाशी, आत्याबाई. भिंतीत, ढोलीत राहती ती. मी सांगत व्हते, तर समदे पाया पडाय लागले."

कुशाबाईनं भगताची काठी हिसकली. "भैरू, तुला 'व्हय' पायजे तवाच तू ठोकतोस. आता मी इचारते. आई, ह्यो भगत लबाड हाय का?" ठक्.

हूंऽऽऽ.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"पाप लागंल, म्हातारे," भगत ओरडला.

"माशीला दणका बसला की ती गुरगुरती. तिला काय ठावं तू कोण न् मी कोण? बन्सी, त्या मिरच्या टाक आन् विटा काढ. हळू."

यशोदानं गोवरीचा जरासा धूर दिला. मधाची पोळी अलगद कापून करंडीत सुतळीनं बांधली, माशा ओंजळीनं आत सोडल्या. राणीमाशी आत गेली तशा बाकीच्या आपल्या पायांनी मागं चालल्या. दिवस मावळता करंडी नदीकाठच्या आंब्यावर गेली. एवढ्या जिवांची ऊब गेल्यावर भिंतही गार झाली.

भैरू भगत चाकणच्या वाटेला लागला. तिकडंही घरोघरी सुना आहेत. तर बायांनो, भिंत बोलली तर आधी वीट काढून बघा. आणि सून बोलली, तर तिला पुरतं बोलू द्या.