ढावल्याची शिकवणी

मानीबाईनं नंदाचे दोन्ही हात धरून आपल्या गळ्यात घातले आणि तिचं डोकं खांद्यावर दाबलं.

"अशी. लांबून नाई. आता म्हण, याडी..."

नंदाला हसू फुटलं. लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि नवरीला अजून रडता येत नव्हतं.

ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, आल्याशिवाय बंजारा तांड्यातली मुलगी सासरी जात नसे. निघताना एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि आजवरची माया, राग, भीती सगळं गाण्यात रडून सांगायचं. याडीला, म्हणजे आईला, सर्वांत शेवटी भेटायचं. तिनंही रडत लेकीला उत्तर द्यायचं. हे महिनाभर आधीपासून शिकावं लागे. सहा वर्षांत अकरा मुली मानीबाईकडे शिकून गेल्या होत्या. तिच्या हाताखालची पोरगी दगडालाही पाझर फोडते, असं पार पुसदकडचे तांडे म्हणत.

तिला स्वतःलाही आधी तो धड येत नव्हता. आपल्या लग्नात ती कशीबशी गायली होती. बेचाळिसाव्या वर्षी ती माहेरी जाऊन म्हाताऱ्या सुखीबाईपुढे नव्यानं शिकायला बसली, तेव्हा नवरा लखीराम म्हणाला होता, "पुन्हा नवरी होतं काय वं?" त्यांची एकुलती एक लेक सोनी वारून तेव्हा चारच महिने झाले होते.

"काकी," नंदानं विचारलं, "तुमच्या सोनीनं कसा गायला होता?"

मानीबाईनं तिचे हात गळ्यातून काढले.

"नाई गायला. तिचे सासरचे शिकलेले होते. म्या म्हणलं, रडू नको, हासतीन ते. माही पोरगी आयकणारी होती. नाई रडली."

"मंग?"

"मंग तिकडं तिच्या पोटात दुखे. तीन महिने दुखलं. कोणाले सांगितलंच नाई. ती गेल्यावर शेजारीण मले म्हणे, लय गुणाची होती तुमची पोरगी, एक डाव हूं म्हणलं नाई."

हे तिनं अंगणातल्या मिरच्यांच्या वाळवणाकडे बघत सांगितलं. त्या बाईनं सोनीला शिव्या दिल्या असत्या तर मानीबाईला बरं वाटलं असतं. गुणाची म्हटलेलं तिला आजही सोसत नव्हतं.

नंदा हसायची थांबली. तिची स्वतःची आई ती पाच वर्षांची असतानाच गेली होती.

"काकी, मले उत्तर कोण देईन?"

"तुही मावशी हाय ना."

"मावशी नाई. तुम्ही."

मानीबाई उठली. अकरा मुलींना तिनं लेकीचं रडणं शिकवलं, पण आईच्या उत्तराची वेळ आली की ती कळशी घेऊन पाण्याला निघून जाई. तांड्यात सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी हटकत नसे.

"म्या नाई उभी राहात," ती म्हणाली आणि मिरच्या उलटायला लागली.

लग्नाच्या दिवशी नंदा गायली. नंदाचा नवरा जिल्हा परिषदेच्या नव्या शाळेत मास्तर होता, पण तोही मान खाली घालून ऐकत राहिला. नंदा बापाच्या गळ्यात पडली, भावाच्या पडली. मग मांडवातून नजर फिरवत ती कोणाला तरी शोधू लागली.

मानीबाई कळशी घेऊन तांड्याबाहेरच्या वाटेला लागली होती. नंदानं धावत जाऊन तिला गाठलं आणि गळ्यात पडून याडीचा ढावलो सुरू केला. तो संपला. आता मागोमाग आलेले सगळे उत्तराची वाट पाहत होते.

सुखीबाईनं शिकवलेले शब्द मानीबाईला तोंडपाठ होते. त्यांतला एकही ओठांवर येईना. शेवटी ती साधंच बोलली, चालीशिवाय.

"दुखलं तं सांगजो. कोणाच्याई हाती सांगून पाठवजो, म्या पायी येईन."

तिनं कळशी खाली ठेवली.

"आन म्या तुले रडू नको म्हणलं होतं ना, ते इसरून जाय माय."

महिनाभर तिनं नंदाला फक्त रड म्हणून सांगितलं होतं. नंदानं मिठी आणखी घट्ट केली.

"इसरली, याडी," ती म्हणाली.