ढालीला नाव हवं

पास्कालिस अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी येऊन पाच दिवस झाले होते आणि त्यानं अजून कुऱ्हाडीला हात लावला नव्हता. युनिव्हर्सिटीच्या म्युझियममागं हिरवळीवर एक जाडजूड फळी आडवी पडली होती. शेजारी खुर्ची मांडलेली, वर उन्हासाठी मोठी छत्री. पास्कालिस सकाळी त्या खुर्चीवर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून हसायचा आणि संध्याकाळी उठायचा. मध्येच हिरवळीच्या कडेचे गोटे उचलून खिशात भरायचा. त्याच्या गावात सगळा चिखलच, दगड औषधालाही मिळत नाही, त्यामुळे घरी न्यायला त्याला गोट्यांइतकी भारी वस्तू दुसरी दिसत नव्हती.

ही सगळी हकिगत शोभनाताईंना रोज जेवताना लेकीकडून कळायची. त्या नागपूरहून महिन्याभरासाठी आल्या होत्या. कादंबरी इथे पीएचडी करत होती, आणि त्यापायी चौदा महिने न्यू गिनी बेटावरच्या दलदलीत, अस्मत लोकांच्या एका गावात राहून आली होती. तिथल्या ज्या बाईनं तिला मुलगी मानलं, तिचा भाऊ म्हणजे हा पास्कालिस, म्हणून तो तिचा मामा. पंचक्रोशीत त्याच्यासारखी ढाल कोणी कोरत नाही म्हणे. कादंबरीनंच खटपट करून त्याला बोलावलं होतं. येत्या शनिवारी ढाल लोकांना दाखवायची, अशी पत्रकं वाटून झाली होती, आणि फळी कोरीच होती.

"विचार ना त्याला सरळ," शोभनाताई म्हणाल्या.

"विचारलं गं. म्हणतो, वाट बघतोय. कशाची ते सांगत नाही. शनिवारी काय दाखवू मी, ब्लँक फळी? माझ्या प्रोफेसरनी माझ्या शब्दावर सगळं अरेंज केलंय."

लेकीचा चेहरा एवढासा झालेला बघून शोभनाताईंचा जीव तुटला. "जेवतो तरी का नीट?"

"कॅफेटेरियाचं कार्ड दिलंय त्याला. रोज पिझ्झा नाहीतर सँडविच."

"कार्ड दिलंय! पाच दिवस झाले मामाला येऊन, आणि तू एकदा घरचं जेवायला घातलं नाहीस?"

"आई, हे माझं ऑफिशियल काम आहे. घर आणि काम मला मिक्स करायचं नाहीये."

शोभनाताईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. लेक घर आणि काम कधीपासून वेगळं ठेवायला लागली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती त्या गावात असतानाच तिचे बाबा गेले. निरोप पोचायला तीन दिवस लागले आणि तिला नागपूरला यायला आणखी सहा. ती पोचली तेव्हा दहावाही होत आला होता. त्या दिवसापासून आजपर्यंत ती बाबांचा विषय निघाला की उठून जायची. रडलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोमवार, शोभनाताईंचा उपास. कादंबरीच्या रूममेटनं, स्वानंदीनं, एडिसनच्या इंडियन दुकानातून आणलेला साबुदाणा त्यांनी रात्रीच भिजत घातला होता. दाण्याचं कूट सढळ हातानं घालून त्यांनी मोकळी, लुसलुशीत खिचडी केली, डबा भरला आणि कॅम्पसची बस पकडून म्युझियम गाठलं. कारण त्यांना एक गोष्ट चांगली आठवत होती. पास्कालिसच्या गावात लोक सेगो खातात, आणि सेगो म्हणजे साबुदाणा.

हा शोध अर्थात त्यांचा नव्हता, कादंबरीच्या बाबांचा होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला तो माणूस. लेक दलदलीत जाणार म्हटल्यावर त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि पहिल्याच फोननंतर डिक्शनरी काढून बसले. पोरगी दोन तास होडी वल्हवत जाऊन रेंजमध्ये यायची आणि बोलत सुटायची. घरं खांबांवर उभी, भरती आली की घराखाली पाणी, ओहोटीला नुसता चिखल, पावसाचं पाणी धरायचं आणि प्यायचं. पुरुष सेगोचं झाड पाडतात, बायका त्याचा गाभा कुटून, धुऊन पीठ काढतात, विस्तवावर भाजतात आणि गाणी म्हणत वाटून खातात. "सेगो म्हणजे साबुदाणा!" बाबांनी जाहीर केलं आणि सकाळी फिरायला येणाऱ्या समस्त मंडळींना सांगितलं, "आमची कादंबरी अशा गावात आहे, जिथं बाराही महिने उपास!"

शोभनाताईंनी डबा उघडून पास्कालिसच्या पुढ्यात ठेवला. "भाऊ, जेवा." लेकीचा मामा म्हणजे आपला भाऊच की. त्याला शब्द कळले नाहीत, पण डबा कळला. तो ताठ बसला, दोन्ही हातांनी डबा घेतला. कादंबरी धावत आलीच.

पास्कालिसनं घास घेतला, सावकाश चावला आणि काहीतरी बोलला. कादंबरी हसू दाबत म्हणाली, "आई, तो विचारतोय, हे कुठल्या झाडाचं?"

"कुठल्या म्हणजे? त्यांच्याच! सेगोच्या!"

"नाही गं. आपला साबुदाणा टॅपिओकाचा असतो. कंद असतो तो, जमिनीतला. मला तिथं गेल्यावर आठवड्यात कळलं होतं."

"अगं बाई! मग सांगितलं का नाहीस? ह्यांनी सगळ्या धरमपेठेत सांगून ठेवलंय!"

"कसं सांगणार? किती खूश होते," कादंबरी म्हणाली, आणि लगेच फळीकडे बघायला लागली.

शोभनाताईंना हसू आवरेना. त्या पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पास्कालिसनं काय झालं ते विचारलं आणि कादंबरीला सगळं सांगावं लागलं, डिक्शनरी, बारा महिन्यांचे उपास, सगळं. तोही गदगदून हसला. मग डबा चाटूनपुसून संपवला, खाली ठेवला आणि गंभीर होऊन बराच वेळ बोलला. कादंबरी रिकाम्या डब्याला झाकण लावत बसली.

"सांग ना, काय म्हणतोय?"

"म्हणतो, ढाल घराची असते. घरातून कोरणाऱ्याला जेवण येतं, आणि घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ढालीला मिळतं. मग तो माणूस दारात उभा राहून घर राखतो. नाव नसेल तर ती नुसती फळी." ती थांबली. "म्हणतो, बाबांची बातमी आली त्या दिवशी मीच तुला होडीतून नदीच्या मुखापर्यंत नेलं. ओहोटीत होडी रुतली, सहा तास आपण चिखलात बसून होतो आणि तू एक शब्द बोलली नाहीस. मी तुझ्या बाबांसाठी आलोय, म्युझियमसाठी नाही. आज जेवण आलं. आता नाव सांगा."

कादंबरीनं आईकडे पाहिलं. शोभनाताईंनी तिच्याकडे. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर 'अहो', 'हे', 'हिचे बाबा' यावर भागलं होतं. आता मात्र लेकीला हे एकटीनं करायला लावायचं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"मोरेश्वर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"मोरेश्वर," पास्कालिसनं नीट घोकलं, उठला आणि कुऱ्हाड उचलली.

मग तो कोणाला ऐकेना. रोज डबा यायचा, रोज फळीचे ढलपे उडायचे. बुधवारी त्यानं शोभनाताईंकडे मूठभर कोरडा साबुदाणा मागितला. भूक लागत असेल मधल्या वेळी, म्हणून त्यांनी दोन मुठी दिल्या.

शनिवारी हिरवळीवर ही गर्दी झाली. ढाल पुरुषभर उंच होती, लाल मातीनं, कोळशानं आणि शिंपल्यांच्या चुन्यानं रंगवलेली. वर वटवाघळं, मध्ये नदीची वळणं, आणि खाली सगळीकडे कोरलेले टपोरे, पांढरेशुभ्र दाणे. शोभनाताईंनी ते पाहिलं मात्र, आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी कादंबरीला विचारलं, ही पांढरी टिंबं कशाची?

कादंबरीनं पाठ केलेलं सगळं भाषण बाजूला राहिलं. "ही माझ्या बाबांची चूक आहे," ती इंग्रजीत म्हणाली आणि सांगत सुटली, नकाशा, डिक्शनरी, सकाळची फिरायला येणारी मंडळी. लोक हसत होते, तीही हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. स्वानंदी रुमाल घेऊन पुढे निघाली, तेव्हा शोभनाताईंनी तिचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बोलू दे तिला."