कठड्याचा शेवटचा दगड

सकाळी साडेदहाला पहिलं डोकं फुटलं, तेव्हा धर्मराजनं आधी दगड पाहिला, मग डोकं. दगड पुलाचाच होता.

पनवेलच्या अंगाला नदीवर तीन कमानींचा हा काळा पूल. पाणी फुटावं म्हणून खांबांना नांगरासारखी टोकं, चुन्यात घोटलेला गूळ. दीडशे पावसाळ्यांना जमलं नाही ते दोन पाड्यांनी केलं. नारळी पुनवेला पुलावर नारळ आधी कुणी फोडायचा, यावरून दरसाल मारामारी व्हायची आणि हाताशी दगड म्हणजे कठड्याचे. अख्खा कठडा असा लोकांच्या बरगड्यांवरून नदीत गेला. उरला एक दगड.

धर्मराज गवंडी. पूल त्याच्या पणजानं बांधलेला. आज अकराला बेलापूरच्या सरकारी कचेरीतून पूल तपासायला शर्मिलामॅडम येणार होत्या. कठडा धड दिसला तर पूल जपायचा, नाहीतर पाडायचा. म्हणून तीन महिने नदीत उतरून त्यानं एकेक दगड वर काढला आणि परत बसवला.

मग मॅडमना हार आधी कुणी घालायचा, हा प्रश्न निघाला.

वरच्या पाड्याच्या केतननं, म्हणजे धर्मराजच्या पुतण्यानं, खालच्या पाड्याच्या मितेशच्या तोंडावर नारळ हाणला. दोन दात हारात पडले. मितेशच्या माणसांनी केतनच्या भावाचा, सनीचा, हात कोपरातून भलतीकडेच वळवला. ताजा चुना ओलाच होता. दगड पटापट निघाले. धर्मराज पणजाच्या त्या एका दगडाला मिठी मारून बसला.

"काका, उठा!" केतन ओरडला. "दगड पायजे."

"दुसरा घे."

"दुसरे संपले!"

"मंग दातांनी चाव त्याला. ह्यो नाय मिलनार."

समोरून मितेश रक्त थुंकत हसला. "बसू दे रं म्हाताऱ्याला! ह्याच्या पनजानं कसला पूल बांधलाय? चुन्यातला गूळ चोरून खायाचा तो!"

धर्मराज उठला. पहार घेतली, त्याच दगडाच्या सांध्यावर. पहिला घाव. दुसरा घाव. मितेश थांबून होता. पळणं खालच्या पाड्याला शोभत नाही. तिसऱ्या घावाला दगड सुटला, धर्मराजनं तो फेकला आणि मितेशच्या खांद्याचं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं. मागे कठडा नव्हताच, त्यामुळे तो सरळ नदीत गेला.

त्याला दोराने वर ओढत असताना मॅडम आल्या. बरोबर अकराला. सरकारी माणसानं वेळ पाळायला हाच दिवस निवडला होता. त्यांनी रिकाम्या खाचेत बोट घातलं.

"हा एक तरी मूळ जागी होता ना? कुणी काढला?"

धर्मराजचे हात चुन्यानं पांढरे झाले होते, त्यावर लाल ठिपके. मॅडमनी कागदावर लिहिलं: पाडावा.

"लिवा, मॅडम," तो म्हणाला. "पन तेही लिवा, पनजाच्या दगडाला तीन घाव लागले."