मुऱ्याचं नाव

शहाद्याच्या बाजारात निंबाच्या सावलीची जागा दगूबाई भोईणीची. तिच्या सासूपासूनची. पण यंदा दगूबाईचे गुडघे धरले. बाजाराच्या दिवशी पहाटे तिनं दोन्ही सुनांपुढं सारख्या भरलेल्या पाट्या सरकवल्या न् म्हणाली, "जिनी पाटी पहिले रिकामी व्हई, निंबाखालनी जागा तिनी."

थोरली ठकुबाई गालात हसली. धाकटी सोमीबाई मात्र हरखली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, माहेर नदीपासून लांबचं, "कोरड्या गावनी पोर, इले काय मासा समजस!" हे ठकुबाईचं टोचणं तिनं उठता-बसता ऐकलं होतं. आज त्या टोचणीचं तोंड बंद करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

दोन्ही पाट्यांत पळसाच्या पानांखाली गोमाई नदीतला मुऱ्या. बोटाएवढा, मिशाळ, बुळबुळीत मासा. हात घातला की रेतीत मुरून बसतो, म्हणून मुऱ्या. बाळंतिणीला याच्याच रश्श्यानं दूध येतं असं सारा तालुका मानतो, त्यामुळे मुऱ्या म्हटलं की गिऱ्हाईक वाकतं. न म्हटलं तर ती नुसती बारीक मासोळी. तिला कुत्रं विचारत नाही.

आता पंचाईत ऐका. थोरल्या दोधूच्या, म्हणजे ठकुबाईच्या नवऱ्याच्या, पाठची दगूबाईची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. त्यांच्या पाठच्याला तरी दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं मुऱ्या. तोच हा सोमीचा नवरा! आणि नवऱ्याचं नाव भरबाजारात घ्यायचं? जीभ झडायची की नाही? पोराला नाव ठेवताना पुढं याची बायको हाच मासा विकायला बसेल, हे काही दगूबाईच्या डोक्यात आलं नव्हतं. सकाळी पाटी देतानाही आलं नाही.

ठकुबाईला कसली अडचण? दिराचं नाव घ्यायला कोण अडवतंय! "मुऱ्या ल्या वं, मुऱ्या! ताजा मुऱ्या!" अशी ती ठणाणा ओरडायची, अन् दर हाकेला सोमी पदर पुढं ओढायची.

"मासा ल्या, मासा!" सोमी म्हणाली.

"कोनता?" एका बाईनं विचारलं.

"तो... रेतीमा दडस तो."

"खेकडा का?" बाई गेली ठकुबाईकडं.

मग मामलेदार कचेरीतला नवा कारकून आला. कोकणातला, मासळीला भुकेला. पानं बाजूला सारून म्हणाला, "बाई, याचं नाव काय?"

"मिश्या शेतस त्याले," सोमी खाली बघत म्हणाली. "धरं का निसटी जास. काम निंघनं का दडी मारस. पन गुनना शे."

"अहो, मी मासा विचारतोय, की तुमचा नवरा?"

सोमीचे कान तापले. तोंडात आलेलं नाव तिनं दातांखाली धरलं. भोवतालच्या बाया खो खो हसल्या. "नाव नही त्या मालले कोन ली?" ठकुबाई मोठ्यानं म्हणाली. तिची पाटी अर्धी झाली होती. सोमीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसणाऱ्या बायांत एक म्हातारी होती. सोमीच्या वरातीत हिनंच वाट अडवली होती आणि नाव घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू दिला नव्हता. तिला बघितलं आणि सोमीच्या डोक्यात लख्ख पडलं. उखाण्यात नाव घेतलं तर कुठं पाप लागतं? ती ताडकन उभी राहिली. डोक्यावर पदर नीट केला.

"मिळनी गोमाई तापीले, पानी व्हयनं गार,
मुऱ्यारावनं नाव लेस, लई जा शेर चार!"

अशी हशा-टाळ्यांची दंगल उडाली की बांगडीवाला बांगड्या सोडून धावत आला. कारकुनानं रुमाल पसरला. "मन्हासाठे बी नाव ले, वं!" बाया एकमेकींना ढकलायला लागल्या. ज्याला मासा द्यायचा त्याला आधी उखाणा. माहेरचे संपले, मग सोमीनं मनचे जुळवले. कुणी यमक चुकलं म्हणालं, की त्याला वर एक मासा जास्त. ठकुबाई ओरडून ओरडून घसा बसवून बसली. तिचं गिऱ्हाईकही इकडंच येऊन उभं राहिलं.

दुपारी दगूबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. अंगणात मुऱ्या, म्हणजे माणूस, जाळं विणायचं सोडून खाटेवर लोळत होता. सोमीनं रिकामी पाटी सासूपुढं पालथी घातली.

"इतलं लवकर? काय सांगी इकं वं?" दगूबाईनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा हात तोंडावर गेला. "अवं माय! नाव कसं लिधं तू?"

सोमीनं खाटेकडं चोरून बघितलं. "तुमना धाकला पोऱ्या इकी उनू, आत्याबाई. सारा खपना."

दगूबाई हसली, हसता हसता गुडघ्याची कळ विसरली. मग डोळे पुसून पाटी सोमीच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "मुऱ्या कोनाच हातमा सापडत नही, म्हनीसन ठेवं व्हतं ते नाव. काळले बी सापडाले नको." खाटेकडं बोट करून ती पुढं म्हणाली, "जागा तुन्ही. बाजारे बाजार ईक त्याले. पन सांजले घर लई येत जाय."