चार शून्यं, दोन भुवया

तेउइला, आधी ऐक. हसायचं नंतर, प्रश्न नंतर, आधी फक्त ऐक. तू त्या शुक्रवारी पल्याडच्या बेटावर, पागोपागोला मावशीकडे होतीस म्हणून सुटलीस, नाहीतर तूही ऐकलं असतंस. अख्ख्या सामोआनं ऐकलं. बसमधल्यांनी ऐकलं, मासळीबाजारानं ऐकलं, आणि मुख्य म्हणजे माझ्या आईनं ऐकलं.

झालं काय, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओ रिकामा होता. तुला माहितीये, मला रेडिओवर घेतलंय ते कम्प्युटर सांभाळायला, बोलायला नाही. पण समोर माइक, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी बसले ना! 'शुभ सकाळ, सामोआ! मी फिलेमू, तुमच्या सकाळचा गोड आवाज…' एवढं म्हटलं आणि मलाच हसू फुटलं. मग 'शी, किती शेंबडं वाटतंय' म्हणाले, तेही त्यात गेलं. वीस सेकंदांचा तुकडा. आणि नाव बघ माझं, फिलेमू. शांत! आईबापांचा अंदाज इतका कधी चुकला नसेल.

तो तुकडा मी गाण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवला, नंतर ऐकेन म्हणून. सापडायला सोपा जावा म्हणून नावाआधी चार शून्यं लावली, म्हणजे यादीत सगळ्यात वर. तेवढ्यात आमच्या स्टेशनच्या प्रमुख सिलिपा मॅडमनी हाक मारली, मी गेले, आणि विसरले.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी बसमध्ये. ड्रायव्हरनं रेडिओ मोठ्यानं लावलेला, आणि त्यातून कोण? मी! 'शुभ सकाळ, सामोआ! मी फिलेमू… खी खी खी… शी, किती शेंबडं वाटतंय.' परत. परत. शेजारची बाई म्हणाली, "नऊपासून हेच चाललंय. कोण गं ही बया?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "काय माहीत बाई." बाई म्हणाली, "आवाज तुझ्यासारखाच आहे." एक स्टॉप आधीच उतरले मी.

धावत ऑफिसात. सिलिपा मॅडमनी ऑफिसमधला रेडिओ बंद केलेला, आणि नुसता बंद नाही, वायर काढून टेबलावर गुंडाळून ठेवलेली. म्हणाल्या, "ये, सकाळचा गोड आवाज. बंद कर ते."

आता बघ, गाणी इथे अपियात, आमच्या ऑफिसच्या कम्प्युटरवर असतात. समुद्रापलीकडच्या सवाई बेटावर, डोंगरात रेडिओच्या मनोऱ्याशेजारी सर्व्हर आहे, त्यावर एक सर्व्हिस चालते. ती इथून तुकडा उचलते आणि हवेत सोडते. अगदी माइकसुद्धा तिच्यातूनच जातो. तिची रीत काय, तर रोज सकाळी नऊला फोल्डरची नवी यादी घ्यायची, यादीतला वरचा तुकडा वाजवायचा, वाजला की तळाला टाकायचा. माझा तुकडा तळाला टाकला की चार शून्यांमुळे बुचासारखा परत वर. मी इथून त्या सर्व्हरचा स्क्रीन उघडला, 'थांबवा' दाबलं. तिथं आलं, 'थांबत आहे…' दहा मिनिटं, थांबत आहे. वीस मिनिटं, थांबत आहे. सुरू करायचं बटण फिकट, थांबवायचंही फिकट. का, तर ती सज्जन बाई हातातला तुकडा संपल्यावरच थांबते, आणि तो संपला की मीच पुन्हा उभी! फाइल काढून टाकायला गेले, तर 'वापरात आहे, काढता येणार नाही.' मग मी इतक्या ठिकाणी इतकं काही दाबलं की पावणेअकराला तो सर्व्हरचा स्क्रीनच गोठला. म्हणजे आता डोंगरावरच्या सर्व्हरला इथून हातच लावता येईना.

आणि त्याच वेळी सवाईवरच्या फालेआलुपो गावच्या पेलेनिसे काकू आल्या. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, काखेत कुबडी, हातात कागद. इस्पितळातून दोन तासांची परवानगी काढून टॅक्सीनं आलेल्या. रेडिओवर रोज बाराला लोकांचे निरोप वाचतात, त्यात त्यांचा एकच निरोप द्यायचा होता.

"माझा इओआने येतोय," त्या म्हणाल्या. "ऑकलंडहून. सात वर्षांनी. आज चारच्या बोटीनं सवाईला."

"अरे वा, काकू!"

"वा काय? बापानं सात वर्षांपूर्वी सांगितलंन, गेलास तर परत तोंड दाखवू नकोस. आता हा म्हणतो, बाबा धक्क्यावर घ्यायला आले तर राहीन, नाहीतर सकाळच्या पहिल्या बोटीनं परत. दोघं एकाच दगडाचे. आणि फालेआलुपोतला फोनचा मनोरा वादळात पडलाय, तेव्हा म्हाताऱ्याला कळवायचं तर रेडिओच. तीनपर्यंत गाडी निघाली तरच तो धक्क्यावर वेळेत पोचेल." मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "काय गं, ती सकाळपासून किंचाळतेय ती कोण?"

सिलिपा मॅडमनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

काकू खुर्चीत बसल्या, प्लास्टरचा पाय माझ्या टेबलाखाली सरकवला आणि पंख्यानं वारा घेत माझ्याकडे बघत राहिल्या. सांगते तुला, ओरडलेलं परवडलं.

डोंगरावर राखणीला सापोलू काका असतात. त्यांना फोन लावला. त्यांच्या खोपटात रेडिओ नाही, बरं का. सगळ्या देशाला गाणी ऐकवणारा माणूस दिवसभर कोंबड्यांचा आवाज ऐकतो.

"काका, ती सेवा थांबवायचीय." आपल्याकडे सर्व्हिसलाही तोच शब्द, घराण्यासाठी आयुष्यभर राबण्यालाही तोच, मी तरी काय करणार?

"सेवा थांबवायची?" काका म्हणाले. "पोरी, चाळीस वर्षं मी घराण्याची सेवा केली. कुणी थांब म्हटलं नाही."

"ती नाही काका, कम्प्युटरमधली. ती अडकलीये. तिला मारायचंय."

"मारायचंय? मी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो, कुणाला मारू नका म्हणून."

"काका, अकरा वीस झालेत!"

तर काका बसले सर्व्हरसमोर. मी सांगितलं, काळी खिडकी उघडा, यादी काढा, आपल्या सर्व्हिससमोरचा आकडा शोधा. म्हटलं, "काका, सापडला आकडा?"

गप्प.

"काका? सापडला का?"

गप्प. कोंबडा आरवला तेवढा.

म्हटलं नसेल सापडला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग काकांनी विचारलं, "मारण्याची ओळ लिहिलीये. बटण दाबू?" आणि मी वाट बघतेय. तिकडे तेही वाट बघताहेत. मी म्हटलं, "काका, दाबा की! दाबलं का?" गप्प. "बरं, मग सुरू करा." थोड्या वेळानं, "झाली सुरू?" गप्प. "पुन्हा करा सुरू." गप्प. "अजून एकदा करा." साडेअकरा. अकरा चाळीस. मला वाटलं काकांना चक्कर आली की काय, किंवा मी इतकं वाईट समजावते की माणसाची वाचाच जावी.

पेलेनिसे काकूंचा पंखा थांबला.

"ए मुली," त्या म्हणाल्या. "तो म्हातारा तुला काही विचारतो तेव्हा तू काय करतेस माहितीये?"

"काय?"

"भुवया उडवतेस. हो म्हणून. मी केव्हाची बघतेय. भुवया फोनमधून जातात का गं?"

तेउइला, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी फोनमध्ये म्हटलं, "काका, खरं सांगा, मी विचारते तेव्हा तुम्ही काय करता?"

"हो म्हणतो की! प्रत्येक वेळी."

"तोंडानं?"

आता खरोखरच गप्प. मग काका हळूच म्हणाले, "भुवयांनी."

वीस मिनिटं! वीस मिनिटं दोन शहाणी माणसं मध्ये समुद्र ठेवून एकमेकांना भुवया उडवत होती. सिलिपा मॅडम उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, पण हसण्यानं की कशानं ते विचारायची माझी छाती नव्हती.

मग तोंडी ठरलं, हो म्हणजे हो बोलायचं. आणि कळलं काय, तर काकांनी त्या बाईला कधीच मारलं होतं, पण माझ्या 'पुन्हा करा, अजून एकदा करा'मुळे तीनदा सुरू केली होती. आता तीन अर्धवट जागी झालेल्या सर्व्हिसेस एकाच दारात अडकलेल्या. एकीचा पाय निघाल्याशिवाय दुसरीला आत जाता येईना, म्हणून कुणीच आत नाही. हवेत नुसती खरखर.

"काका, तिघींना मारा."

"तिघींना! हो." यावेळी मोठ्यानं, सगळा डोंगर ऐकेल असं. "हो! झालं! हो!"

अकरा पंचावन्न. मी फोल्डर उघडला, आता माझा तुकडा पुसता येत होता. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगं, पण आता ऐकणार कोण? सकाळपासून तुझी टकळी ऐकून फालेआलुपोत सगळ्यांनी रेडिओ बंद केले असतील." आणि कागद माझ्यापुढे धरला. "तूच वाच. मी वाचायला गेले तर रडेन."

मी माइकवर बसले. घाईत नवा तुकडा नाही केला, जुन्यावरच रेकॉर्ड केलं. 'फालेआलुपोचे तोएतु, ऐका. तुमचा इओआने आज चारच्या बोटीनं येतोय. पेलेनिसे म्हणते, धक्क्यावर जा. रागावून गेलात तरी चालेल, पण जा.' शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं, ते माझ्याच तोंडून गेलं. "काका, करा सुरू. एकदाच!"

"हो! सुरू! हिरवं झालं!"

मॅडमनी रेडिओची वायर जोडली. बाराच्या ठोक्याला खणखणीत माझा आवाज. काकूंनी पंखा तोंडावर धरला. निरोप संपला, मी सुटकेचा श्वास घेतला, आणि पुन्हा सुरू. 'फालेआलुपोचे तोएतु, ऐका…'

चार शून्यं. मी नाव बदललंच नव्हतं. एकाच खड्ड्यात एका दिवसात दोनदा पडणारी मुलगी बघायची असेल तर ही बघ, तुझ्यासमोर तळलेले गोड पानिकेके खात बसलीये.

सिलिपा मॅडम ओरडल्या, "फिलेमू! बंद कर! लगेच! बाकीचे निरोप कधी द्यायचे?"

फोन चालूच होता. पलीकडून सापोलू काका म्हणाले, "पोरी, मघाचीच ओळ लिहिलीये. आता मी शिकलोय. मारू का तिला?"

आणि तेउइला, मी काकूंकडे पाहिलं. त्या नुसत्या रेडिओकडे बघत होत्या, जणू त्यातून कुणी बाहेर येणार आहे. मला वाटलं, फालेआलुपोत कुणीतरी मधून मधून रेडिओ लावून बघेलच ना, ती बया थांबली की नाही ते. साडेबाराला बघेल. एकला बघेल. एकदाच सांगून काय उपयोग?

मॅडम माझ्या डोक्यावर उभ्या. "विचारतोय ना तो? सांग त्याला हो!"

मी हो म्हटलं. मॅडमच्या डोळ्यांदेखत, स्वच्छ हो म्हटलं.

भुवयांनी.

काका पलीकडे थांबले. शिकलेला माणूस, तोंडी हो आल्याशिवाय बोट हलवेना. ती बाई सकाळसारखीच थांबता थांबत नाहीये असं समजून मॅडम फोनकडे बघतायत, मी फोनकडे बघतेय, आणि निरोप चाललाय. मधे मॅडमना दोन फोन आले, त्या बाहेर जाऊन ओरडून आल्या. पेलेनिसे काकूंनी मला तेवढ्यात आपल्या पिशवीतली अर्धी पपई दिली. एकला दहा कमी असताना काकाच वैतागून म्हणाले, "पोरी, आहेस का मेलीस?" तेव्हा मात्र मी म्हटलं, "हो काका, मारा." तोंडानं.

काकू इस्पितळात परतल्या. मी दुपारभर नखं खाल्ली. कारण ऐकलंच नसेल तर? ऐकून म्हातारा हट्टानं घरीच बसला तर?

सहाला मी इस्पितळात गेले. काकूंच्या हातात फोन, पलीकडे इओआने, धक्क्यावरच्या गर्दीतून ओरडत होता. "आई, बाबा आलेत! सगळं गाव ट्रकमधून आलंय! आई, बाबा मला म्हणतात, 'तुला घ्यायला नाही आलो, त्या पोरीला गप्प करायचं होतं म्हणून आलो.' ते निघाले की ती थांबेल, असं वाटलं म्हणे त्यांना!"

काकू हसत होत्या आणि प्लास्टर ठोकत होत्या. "राहतोस ना?" त्यांनी विचारलं. पलीकडे एकदम शांत. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा मेला भुवया उडवत असणार." आणि मग फोनमध्ये, "तोंडानं बोल!"

बोलला. राहतोय.

आता माझी गोष्ट. उद्या सोमवार. उद्या माझे नोकरीचे कच्चे तीन महिने संपतात, ठेवतात की काढतात ते ठरणार. सिलिपा मॅडमनी चिठ्ठी पाठवलीये, सकाळी भेट, एकच प्रश्न आहे: तू सापोलूला त्या वेळी थांबव म्हणालीस की नाही? आता मी हो म्हटलं तर ते खरंच आहे. त्यांनी स्वतः पाहिलंय. आणि नाही म्हटलं तर तेही खरंच आहे. काकांनाही विचारतील, ते तर रविवारच्या शाळेत शिकवतात, खोटं बोलायचे नाहीत. नाही, हसू नकोस, खरं सांग. मॅडम समोर, काकू शेजारी, फोनवर काका थांबलेत, हवेत निरोप चाललाय. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?